माझी चौथी फळी

"त्या पेटीत मानूस हाय म्हनं. देवजी सुतारानं सोताच्या हातानं—"

एवढंच माझ्या कानावर आलं. तेवढ्यात गोजाबाईची घागर पाण्यात बुडाली आणि पुढचं सगळं त्या बुडबुड्यांत गेलं. घागर भरून वर गेली, पाठोपाठ गोजाबाईही पायऱ्या चढून गेली. मी तळाशी बसून विचार करत राहिले, सोताच्या हातानं काय?

ती पेटी म्हणजे मीच. सागाची, चार फळ्यांची, माणसाएवढी उंच. जव्हारच्या पठाराच्या कडेला वामनशेटांची बाग होती, त्या बागेतल्या पायऱ्यांच्या विहिरीत मी नऊ वर्षं बसून होते. दुसऱ्यांच्या घरातलं ऐकायची मला खोड आहे, हे आधीच कबूल करते. पण विहिरीत बसवलेलीनं दुसरं करायचं तरी काय? बायका पाण्याला येतात, घागर घासता घासता बोलतात, आणि माझ्या अंगाला एकाहत्तर भोकं. तीन बाजूंना वीस-वीस, चौथीला अकरा. एकाहत्तर कान असलेलीला कुणी 'ऐकू नको' म्हणून सांगावं?

चौथीलाच अकरा का, हेच तर सांगायचं आहे.

जव्हारात तेव्हा राजांचं राज्य होतं. पंप ही पाहायला यावं अशी वस्तू होती. वामनशेटांनी तो मुंबईहून मागवला. आगगाडीनं खाली आला, तिथून बैलगाडीनं घाटापर्यंत आला, आणि शेवटच्या वळणाला बैल बसले. मग दरीपलीकडच्या पाड्यातले बारा गडी बोलावले. बांबूला दोर बांधून त्यांनी ते लोखंडी चाक खांद्यावर घेतलं. वळणावर दोर सुटला. बाकीचे बाजूला उड्या टाकून वाचले. माघ्या तेवढा चाकाखाली खांदा देऊन उभा राहिला. खालच्या अंगाला त्याचे दोन चुलतभाऊ होते ना.

चाकाला ओरखडासुद्धा आला नाही. माघ्या तीन दिवसांनी गेला. बायको सुकरी पाड्यातून पोचेपर्यंत तो वळणावरच्या ऐनाच्या झाडाखालीच होता, हलवण्याजोगा नव्हता. तिथंच गेला.

हे मी पाहिलेलं नाही. तेव्हा मी रानात झाड होते. पण बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की वाटतं, मीच तिथं उभी होते.

पंप बसला. वर चाक, ते दोन गडी फिरवायचे. खाली पाण्यात पितळेचं नळकांडं, त्यात दट्ट्या वर-खाली व्हायचा आणि पाणी नळीतून चढायचं. खरं यंत्र खालीच होतं, वरचं चाक नुसतं दिखाव्याचं म्हणा ना. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या नळकांड्यात गाळ गेला, आंब्याची पानं गेली, दोन खेकडेही गेले. दट्ट्या अडकला. शेट म्हणाले, "याला पाण्यात घर पाहिजे. पाणी आत येईल, घाण बाहेर राहील, असं घर." आणि त्यांनी देवजी सुताराला बोलावलं.

म्हणजे माझा जन्म खेकड्यांच्या कृपेनं झाला.

देवजी चांगला कारागीर. हात हळू, पण चुकत नसे. साग तोडायला दरबारचा परवाना लागे, म्हणून शेटांच्या परवान्यावर त्यानं एक झाड घेतलं. त्यातून माझ्या तीन बाजू निघाल्या. उरलेल्या लाकडात गाभ्याला पोकळी निघाली. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या, कारण लोखंड पाण्यात गंजतं आणि लाकूड पाण्यात फुगून उलट घट्ट बसतं. गिरमिटानं एकेक भोक पाडायचा आणि त्यात फुंकर मारून बघायचा. मला गुदगुल्या व्हायच्या.

त्याच्या पडवीत मी तीन बाजूंनी उभी होते, तेव्हा कोपऱ्यात एक फळी पालथी पडलेली असे. तिला कुणी हात लावत नसे. ती सुकरीची.

सुकरीच्या पाड्याची रीत अशी, की माणूस वाटेवर मेला तर त्याचा जीव वाटेवरच अडकतो. घरी येऊ बघतो, पण त्याला दार सापडत नाही. मग त्याच्या नावाची फळी करायची. वर एका कोपऱ्यात सूर्य, एका कोपऱ्यात चंद्र, मधे तो माणूस. नेमल्या दिवशी भगत त्याला नावानं हाक मारतो, तो येऊन फळीत बसतो, आणि फळी पाड्याच्या शिवेवर झाडाखाली उभी करतात. सूर्यचंद्र आहेत तोवर त्याला जागा. पण त्या दिवसापर्यंत फळी पालथीच ठेवायची, आणि त्याचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही. आधी हाक मारली तर तो आधी येऊन बसतो.

सुकरीनं त्या फळीसाठी साग कुठून आणला? घराच्या दाराच्या दोन फळ्या होत्या, माघ्यानंच कधीतरी तासलेल्या. त्यांतली एक तिनं उचकटून आणली आणि दाराच्या त्या अर्ध्या जागी कारवीच्या काड्यांचा कूड बांधला. देवजीनं त्या फळीवर सूर्य-चंद्र कोरले आणि मधे खांद्यावर बांबू घेतलेला माणूस कोरला. सांगतात की नाक अगदी माघ्याचं जमलं होतं.

एक दिवस भर दुपारी सुकरी पडवीत आली. मोळी विकून आली होती, डोक्यावर चुंबळ तशीच. देवजी जेवायला आत गेला होता. तिनं इकडंतिकडं बघितलं. माझ्याकडंही बघितलं, पण पेटीला कोण भितो? ओच्यातून चिमूटभर नागलीचं पीठ काढलं, पालथ्या फळीच्या पाठीवर टाकलं आणि खाली वाकून म्हणाली, "माघ्या, ये रं. हितं बस. उनात नको फिरू."

अजून महिना होता भगताच्या दिवसाला. पण तिला धीर निघाला नाही. चुलीपाशी पालथं घातलेलं मडकं सकाळी उताणं सापडतं, रात्री कूड वाजतो, तो दार शोधतोय, असं तिला वाटत होतं. हे सगळं तीच फळीला सांगत होती. तिनं हाक मारली आणि तिच्या मनानं तो आला. पदरानं पीठ सारखं करून ती हसली. त्या बाईला मी हसताना तेवढंच पाहिलं.

चारच दिवसांनी वामनशेट पडवीत आले.

"काय देवजी, पेटी कुठवर?"

"तीन बाजू झाल्या शेट. चौथीला सुकं लाकूड नाही. ओलं घातलं तर पाण्यात पिळवटेल, खुंट्या तुटतील."

"आठ दिवसांत पाऊस लागेल. मग विहीर भरली की उतरणार कोण? तू? ती कोपऱ्यात काय आहे?"

"ती... ती दुसऱ्याची आहे."

"दुसऱ्याला दुसरी कर. त्याला काय घाई आहे?"

शेट वाईट नव्हते. ती फळी कसली हे कळलं असतं तर त्यांनी मागितली नसती, असं मला आजही वाटतं. पण देवजीच्या तोंडून पुढचा शब्द निघेना. शेटांच्याच बागेतल्या खोपटात तो राहत होता. मान खाली घालून म्हणाला, "बघतो."

त्या संध्याकाळी देवजी फळीसमोर बराच वेळ उकिडवा बसला. "पाऊस सरला की तुला नवी करतो," असं तिला म्हणाला. फळीलाच म्हणाला. मग त्यानं ती उचलली. ती पेटीच्या ठरलेल्या मापापेक्षा उंच होती. तिला कापायची म्हणजे एकतर सूर्यचंद्र जाणार नाहीतर माघ्याचे पाय. त्यानं कापली नाही. माझ्याच फळ्या अजून वरून मापात कापायच्या राहिल्या होत्या, त्या त्यानं तशाच लांब ठेवल्या. म्हणून मी कामापेक्षा उंच झाले. माणसाच्या मापाची झाले.

कोरलेली बाजू त्यानं आत घेतली. मग गिरमिट घेऊन भोकं पाडायला बसला. कडेकडेनं अकरा पाडली. मधे माणूस होता. तिथं गिरमिट टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

"छातीत कसं पाडू," एवढंच म्हणाला आणि गिरमिट ठेवून दिलं.

मला विहिरीत उतरवलं तेव्हा काठावर अर्धं जव्हार जमलं होतं. पायाशी दगड बांधले, आत पितळी नळकांडं, भोवती गोटे. गोजाबाई पुढंच उभी. ही बागेशेजारचीच. अख्ख्या गल्लीच्या चुलीवर काय शिजतंय ते हिला वासानं कळायचं. तिनं मला चारी बाजूंनी निरखलं आणि बोटं मोडत मोजलं.

"का रं देवजी, या बाजूला मधली भोकं सोडलीस ती?"

"लाकूड गाठाळ होतं तिथं."

"गाठ मानसासारखी दिसत्ये रं तुझी. हे डोकं, हे खांदे." ती हसली. लोक हसले. देवजी हसला नाही, आणि गोजाबाईनं नेमकं तेच पाहिलं.

झालं. घाटात चाकानं माणूस खाल्लेला, पेटी माणसाच्या मापाची, भोकं माणसाच्या आकाराची सोडलेली, आणि सुताराचा चेहरा उतरलेला. आवई उठायला आणखी काय लागतं? तिन्हीसांजेनंतर विहिरीवर कुणी येईनासं झालं.

सुकरी भगताच्या दिवसाची तजवीज करत होती. देवजीनं तिला निरोप धाडला, फळीला चीर गेलीय, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर सुकरी मोळी घेऊन आली ती पाण्याला विहिरीवर उतरली. तिथं गोजाबाई दुसरीला तेच सांगत होती, भोकांचं, मापाचं, गाठीचं. सुकरीनं हातातला गडू खाली ठेवला.

"कोनत्या बाजूला भोकं नायत?" तिनं विचारलं.

तिथून ती सरळ देवजीकडं गेली. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. पण घटकाभरानं दोघं विहिरीच्या पायरीवर आली. देवजी रडत होता. सुकरीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"दुसरी करतो गं बाय. हिच्यापेक्षा चांगली करतो. मोखाड्याकडून साग आणतो."

"दुसरीत तो कसा येल? मी त्याला बलावलाय हिच्यात. तुझ्या पडवीत बलावलाय."

"भगताच्या आधीच?"

"मना धीर नाय निघला रं." मग ती पाण्याकडं बघत म्हणाली, "तू चोरलास आन् मी घाई केली. दोघांनी मिळून बुडवला त्याला."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाई, मी धरलंय त्याला, पडू दिलेलं नाही. पण लाकडाला पाण्याखाली आवाज कुठला?

ती वामनशेटांकडं गेली. तेव्हा त्यांना खरं कळलं.  मग म्हणाले, "उन्हाळा होऊ दे. आत्ता पंप थांबला तर बाग वाळेल. पाणी तळाला गेलं की पेटी काढू." बोलले ते मनापासून. पण उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, तेव्हाच पंपाची खरी गरज होती. पुढल्या वर्षी नवी कलमं लावली होती. त्याच्या पुढल्या वर्षी शेट आजारी. 'नाही' असं कुणी कधी म्हटलंच नाही.

सुकरी दर अवसेला यायची. दरी उतरून, चढून, येऊन-जाऊन अर्धा दिवस. पायरीवर बसायची, पाण्यात नागलीचं पीठ सोडायची. ते मासेच खायचे, पण एखादा कण भोकातून माझ्या आत यायचा. मग ती बोलायची. शेळी व्यायली. थोरलीचं लगीन ठरलं. कारवीचा कूड उंदरांनी खाल्ला, नवा केला. "दाराला फळी नाय लावली अजून. तुझीच येल तवा लावीन म्हंते," असं एकदा म्हणाली आणि मग स्वतःच चपापली. शिवेवर उभी करायची फळी दाराला कशी लागेल? निघताना ओंजळभर पाणी प्यायची. घरी जवळ झरा असताना घागरही इथूनच भरून न्यायची.

देवजीनं दोन फळ्या कोरल्या. सुकरीनं दोन्ही परत पाठवल्या.

मग शेटांनी बाग विकली आणि ते घाट उतरून गेले. जाताना पंप उपसला. चाक नेलं, नळी नेली, माझ्या आतलं नळकांडं दोरानं वर ओढून नेलं. मी मात्र गाळात रुतलेली, तशीच राहिले. आता तरी सुकरीला अडचण नव्हती. चार गडी विहिरीत उतरले की काम झालं असतं. तिनं घरोघर विचारलं. कुणी तयार होईना.

"माणूस घातलेली पेटी हाय ती. तिला हात लावायचा?"

बघा काय झालं ते. सुकरीचा माणूस माझ्यात आहे म्हणून ती मला काढायला बघत होती, आणि माझ्यात माणूस आहे म्हणूनच कुणी मला काढत नव्हतं. गोजाबाईनं हे पहिल्यांदा उमजून घेतलं तेव्हा ती पायरीवर डोक्याला हात लावून बसली. "माझी जीभ झडो," म्हणाली. मग घरोघर सांगत सुटली की तसं काही नाही, मी आपलं गमतीनं म्हटलं होतं. पण आवई सोडायला एक तोंड पुरतं, परत घ्यायला गाव पुरत नाही.

नवव्या वर्षी पाऊस ओढला. फाल्गुनातच विहीर तळाला गेली आणि मी अर्धी उघडी पडले. त्या दिवशी सकाळी तिघं आली. सुकरी आली, केस पांढरे झालेले. देवजी आला, डोळ्यांत वडस वाढून आंधळा झालेला, दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा. तो खांदा गोजाबाईचा. तिनं जावयाला आणि त्याच्या दोन भावांना शिव्या घालून घालून आणलं होतं.

"उतरा रे मेल्यांनो! मी म्हातारी उतरते आणि तुम्ही काठावर?" आणि खरंच ती लुगडं खोचून गाळात उतरली.

मला उपटलं, पायरीवर घेतलं. देवजीनं चाचपडत खुंट्या शोधल्या आणि एकेक ठोकून काढल्या. नऊ वर्षं फुगून बसलेल्या खुंट्या. शेवटची निघाली तशी माझी चौथी फळी सुटी झाली. 

"उलट," सुकरी म्हणाली.

गोजाबाईनं फळी उलटली. सुकरीनं पदर भिजवून गाळ पुसला.

वर एका कोपऱ्यात सूर्य होता. दुसऱ्या कोपऱ्यात चंद्र होता. मधे काही नव्हतं. लाकूड गुळगुळीत होतं, नदीतल्या गोट्यासारखं.

"आहे ना?" देवजीनं विचारलं. त्याला दिसत नव्हतं. त्यानं हात पुढं केला. बोटं सूर्यावर गेली, चंद्रावर गेली, मग मधे आली आणि तिथंच घोटाळत राहिली. त्याला कळलं. कारागीर होता तो. तीन बाजूंच्या भोकांतून पाणी आत घुसायचं, वाळू घेऊन. चौथ्या बाजूला मधे वाट नव्हती, म्हणून ते तिथंच आपटायचं आणि गरगरायचं. पंप चालला तितकी वर्षं.

"मी भोकं पाडली असती," तो म्हणाला, "तर मानूस राहिला असता."

मला हे ठाऊक होतं. रोज थोडा थोडा जाताना मी त्याला पाहिला होता. आधी नाक गेलं. खांद्यावरचा बांबू सगळ्यात शेवटी गेला. धरलंय, धरलंय म्हणत होते आणि माझ्याच पोटात तो झिजत होता.

सुकरी बराच वेळ त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवून बसली. मग हळूच म्हणाली, "मंग मी नऊ वरसं पीत व्हते, तो कोन?"

देवजीनं हात मागं घेतला. 

फळी शिवेवर उभी करता येईना. भगत म्हणाला, बिनमाणसाची फळी मी कुणाच्या नावानं उभी करू? देवजी म्हणाला, याच फळीवर परत कोरून देतो, बोटांनी कोरतो, मला डोळे नकोत. सुकरी नको म्हणाली. "किती येळा मारशील त्याला?" पण हे ती रागानं म्हणाली नाही. देवजीच्या हाताला धरून म्हणाली.

ती फळी तिनं डोक्यावर घेतली आणि दरी उतरून गेली. गोजाबाई सोबत गेली होती, तिच्याकडून पुढचं कळलं. सुकरीनं कारवीचा कूड सोडला आणि फळी दाराला लावली, जिथून काढली होती तिथंच. सूर्य-चंद्र आतल्या अंगाला. अकरा भोकांतून उजेडाचे अकरा ठिपके जमिनीवर पडतात. संध्याकाळी ती दार ओढून घेते, पण कडी लावत नाही.

मी आता गोजाबाईच्या परसात आहे. तीन बाजूंची. एक बाजू उघडी म्हणून ती माझ्यात गोवऱ्या ठेवते. ऊन लागून मला चिरा पडू लागल्यात. पाण्यात होते तेव्हा टिकून होते, आता फार दिवस नाहीत. कुरकुर नाही. एक घर म्हणून केली होती मला, आणि घरानं जे करू नये ते माझ्याकडून झालं.

परवा एक नवी सून गोजाबाईला विचारत होती, "आत्या, या पेटीत खरंच माणूस होता?"

गोजाबाई गोवऱ्या काढायची थांबली. पूर्वीची असती तर तासभर सांगत बसली असती.

"नव्हता गं," ती म्हणाली. "पर रिकामी बी नव्हती."

एवढंच. आणि परत गोवऱ्या काढू लागली.

जावई हातोडी घेऊन आला होता मधे, म्हणाला, "इथं एक फळी ठोकून देतो, गोवऱ्या भिजायच्या नाहीत." गोजाबाईनं त्याला हाकललं. पण ती आता थकलीय. तिच्यामागं कुणी येईल, चांगल्या मनानं येईल, हातात फळी घेऊन, आणि ती कुणाच्या दारची हे विचारणार नाही. त्याच्यासाठी सांगून ठेवते. बाबा, मला जाळ हवं तर. पाऊस पडू दे आत, गोवऱ्या भिजू देत. माझी चौथी बाजू तेवढी मोकळी राहू दे.